लॉबीत अडकलेला पाहुणा

ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरातल्या कुठल्याही ऑफिसात शिरा, एक शब्द हमखास कानावर पडतो. 'व्हायरल'! व्हिडिओवालं व्हायरल नाही हं, तापवालं. "आज दिसला नाही का बे तो?" "व्हायरल आहे ना यार त्याला." बस्स, विषय संपला. मिहानमधल्या नाइट शिफ्टपासून सीताबर्डीच्या बँकेपर्यंत सिक लीव्हच्या अर्जावर हा एक शब्द पुरतो. बॉसही मुकाट्यानं मान डोलावतो, कारण त्याच्या घरीही दोघं आडवे झालेले असतात.

मग सुरू होतो सल्ल्यांचा मारा. काढा घे. हळद-दूध घे. संत्री खा (ऑगस्टमध्ये नागपुरी संत्री कुठे मिळतात, हे सल्ला देणाऱ्याला विचारायचं नसतं). कुणी डब्यातली इम्युनिटी पावडर पुढे करतं. आणि जरा जास्तच हुशार मंडळी थेट मेडिकल स्टोअर गाठून अँटिबायोटिकची पट्टी उचलतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काडीचा उपयोग नाही, हे माहीत असूनसुद्धा!

मला मात्र या सीझनमध्ये दर वर्षी वेगळाच प्रश्न पडतो. जे आजारी पडले ते पडले. पण त्याच एसीत, त्याच क्युबिकलमध्ये, त्याच कँटीनच्या तर्री पोह्यांवर जगणारे बाकीचे आजारी का नाही पडले? विषाणू त्यांच्याही नाकात गेलाच असणार की! मग त्याला अडवलं कुणी?

"अँटिबॉडीज," असं कोविडनंतर शाळेतलं पोरगंही सांगेल. बरोबर आहे, पण अर्धंच. शरीरानं आधी कधीच न पाहिलेला विषाणू आला, तर त्याच्या मापाच्या अँटिबॉडीज शिवून तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. विषाणूचं काम तर काही तासांत उरकतं. मधल्या काळात किल्ला लढवतं ते आपलं उपजत सैन्य. त्याला समोरच्याचं नाव-गाव ठाऊक नसतं, ओळखपत्र तपासायला वेळ नसतो. आणि त्यातले काही शिपाई असे आहेत, की विषाणूला पेशीच्या आत पाऊलच टाकू देत नाहीत.

आता ही 'आत पाऊल टाकण्या'ची भानगड जरा नीट समजून घेऊ. आपल्या नागपुरी भाषेत, पेशी म्हणजे एक फ्लॅट स्कीम समजा. फ्लू किंवा डेंग्यूचा विषाणू दार फोडून घुसत नाही. तो कुरिअरच्या पाकिटासारखा येतो, बेल वाजवतो आणि पेशी स्वतःच त्याला आत घेते! आपल्या पडद्याचा एक तुकडा भोवती गुंडाळून ती त्याची छोटीशी पिशवी करते आणि आत ओढते. पेशीचं हे रोजचंच काम आहे, पोषणाचा कितीतरी माल ती असाच उचलते. म्हणजे विषाणू बिल्डिंगमध्ये आला खरा, पण अजून घरात नाही, लॉबीत आहे.

पिशवी आत सरकत जाते तसतशी तिच्यातली आम्लता वाढते. विषाणू नेमकी याचीच वाट बघत असतो. आम्ल लागलं, की त्याच्या अंगावरचे काट्यासारखे प्रथिनांचे खांब आकार बदलतात, पिशवीच्या पडद्यात रुततात आणि विषाणूचं स्निग्ध कवच त्या पडद्याला चिकटवून टाकतात. दोन तेलाचे थेंब एकमेकांत मिसळावेत तसे दोन्ही पडदे मिसळतात, मधे भोक पडतं आणि विषाणूची जनुकं घरंगळत थेट घरात. आता घराचा मालक तो!

या मिसळण्याच्या क्षणी टांग अडवणारं एक प्रथिन आपल्याकडे आहे. नाव विचाराल तर एखाद्या सरकारी फॉर्मसारखं आहे, आयएफआयटीएम-३. अवघ्या १३३ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांच्या दुनियेत अगदीच किरकोळ अंगकाठीचं. त्याच्या कुटुंबाची जनुकं १९८० च्या दशकातच सापडली होती, पण ती नेमकं करतात काय, हे कळायला २००९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत अब्राहम ब्रास आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशींतली हजारो जनुकं एकेक करून बंद पाडली आणि प्रत्येक वेळी त्या पेशींवर फ्लूचा विषाणू सोडला. शोधायचं होतं ते असं, की विषाणूला कुठली जनुकं लागतात. ती सापडलीच, शंभरावर सापडली. पण त्यात एक उलटीच केस निघाली. आयएफआयटीएम-३ बंद केलं, की विषाणूचं फावत होतं. म्हणजे हा तर आपला माणूस! पुढे याच कुटुंबानं डेंग्यू आणि वेस्ट नाइलच्या विषाणूंनाही अडवलेलं दिसलं.

हे प्रथिन करतं काय? ते पिशवीच्या पडद्यातच बसलेलं असतं आणि तो पडदा कडक करून ठेवतं. विषाणू चिकटतो, पडद्यांचे बाहेरचे थर एकमेकांत मिसळतातही, पण पुढचं भोक काही पडत नाही. २०२३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी पेशी गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे अर्धवट अडकलेले विषाणू चक्क पाहिले. ना धड आत, ना बाहेर! पिशवी तोवर पुढे सरकून पेशीच्या कचरापट्टीत पोचते आणि तिथे विषाणूचा चुरा होतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडलीय आणि आत चोर. मला तरी यापेक्षा समाधान देणारं चित्र सुचत नाही.

अर्थात, सगळ्या चोरांवर हा उपाय चालतो असं नाही. नेहमीच्या सर्दीचा जो सर्वांत कॉमन विषाणू, रायनोव्हायरस, त्याला मुळात स्निग्ध कवचच नसतं. मिसळायला पडदाच नाही तर अडवणार काय! त्याच्यासाठी पहारेकरी वेगळे. आणि सर्दीच्याच एका करोनाविषाणूनं, ओसी-४३ त्याचं नाव, तर कमाल केली. आत शिरायला तो याच कुटुंबातल्या प्रथिनांची मदत घेतो, असं २०१४ मध्ये दिसून आलं. वॉचमनला फितवून आत येणारे असतात ना, तसले.

बरं, हा वॉचमन चोवीस तास ड्युटीवर असतो का? काही पेशींत थोडाफार असतो. पण पूर्ण फौज उभी राहते ती सायरन वाजल्यावर. त्या सायरनचं नाव इंटरफेरॉन. १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर निष्क्रिय केलेला फ्लूचा विषाणू टाकला आणि पाहिलं, की पेशींमधून असं काहीतरी बाहेर पडतंय, जे दुसऱ्या पेशींना लागलं की त्यांच्यावरही जिवंत विषाणूची मात्रा चालत नाही. विषाणूच्या कामात 'इंटरफिअर' करतं म्हणून इंटरफेरॉन. ज्या पेशीत विषाणू शिरला ती बहुधा वाचत नाही. पण ती मरता मरता शेजाऱ्यांना ओरडून सांगते, "दारं लावून घ्या!" आणि शेजारच्या पेशी शेकडो जनुकं एकदम चालू करतात. आयएफआयटीएम-३ त्यातलंच एक.

ऑफिसवाल्यांसाठी इथे एक गंमत. 'व्हायरल'मध्ये अंग मोडून येतं, डोकं जड होतं, पांघरुणातून बाहेर यावंसं वाटत नाही, ते सगळंच काही विषाणू करत नाही. बराचसा हातभार आपल्याच इंटरफेरॉनचा असतो! पूर्वी हेपटायटिस-सीच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा फ्लूचा विषाणू आसपास नसतानाही त्यांना हुबेहूब फ्लू झाल्यासारखं वाटायचं. थोडक्यात काय, तर सायरनचा आवाज कानाला त्रास देणारच.

आणि सायरनच वाजला नाही तर? कोविडनं याचं उत्तर फार महागात दिलं. २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ९८७ अत्यवस्थ रुग्णांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीज निघाल्या. ज्यांचा कोविड सौम्य गेला किंवा लक्षणंच नव्हती अशा ६६३ जणांत? एकातही नाही. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते. एप्रिल २०२१ मध्ये आपण नागपूरकरांनी जे पाहिलं, बेडसाठी रात्र-रात्र फोन, ऑक्सिजनसाठी धावाधाव, त्यात सगळ्यांत छळणारा प्रश्न होता, 'तोच का? तो तर रोज अंबाझरीला पळायला जायचा.' त्यातल्या काहींच्या बाबतीत तरी उत्तर हे असू शकतं. पळण्याचा, काढ्याचा, इच्छाशक्तीचा यात काही दोष नव्हता.

आता वळूया घराकडे. खरं म्हणजे हा विषय मी निवडला तो याच्यासाठी.

जगातल्या विषाणूंच्या यादीत आपल्या नागपूर परिसराचं एक नाव कायमचं कोरलेलं आहे. चांदीपुरा. १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ आली होती, डेंग्यू आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं (१९५२ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते) रुग्णांचं रक्त तपासायला नेलं. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांना त्यातल्या दोन नमुन्यांत भलताच विषाणू मिळाला. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. नमुने चांदीपुऱ्याचे, म्हणून विषाणूचं नावही तेच. १९६७ मध्ये त्यांचा निबंध आला आणि मग पुढची कित्येक वर्षं हा विषाणू फाइलमध्ये झोपून राहिला. त्यानं कुणाचं फार वाकडं केल्याचं दिसत नव्हतं.

२००३ मध्ये तो उठला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आज तेलंगणात असलेल्या करीमनगर, वारंगळकडच्या पट्ट्यात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. २००७ च्या पावसाळ्यात आपल्या नागपूर विभागात तेच. शंभरातली चाळीसहून अधिक मुलं गेली. २०२४ मध्ये गुजरात. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, ८२ मृत्यू, आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार वीस वर्षांतली ही सगळ्यांत मोठी साथ.

या आजाराचा वेग बघून अंगावर काटा येतो. सकाळी खेळणारं मूल, दुपारी फणफणून ताप, उलट्या, झटके, संध्याकाळी शुद्ध हरपलेली. बरेच मृत्यू लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत होतात. अँटिबॉडीजचा आठवडा इथे कुठून आणायचा? या मुलांची सगळी भिस्त त्या पहिल्या काही तासांवर, म्हणजे उपजत सैन्यावरच असते.

आणि गोष्ट इथेच जुळते. चांदीपुऱ्याचा एक सख्खा चुलत भाऊ आहे, गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा व्हीएसव्ही. प्रयोगशाळेतला अगदी लाडका विषाणू, कारण तो इंटरफेरॉनला इतका घाबरतो, की एखाद्या नमुन्यात इंटरफेरॉन किती आहे हे मोजायलाच शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला वापरत आले. २०१० मध्ये दाखवलं गेलं, की आयएफआयटीएम-३ या व्हीएसव्हीलाही आत शिरताना अडवतं. व्हीएसव्ही आणि चांदीपुरा, दोघांची शिरायची रीत एकच, तीच पिशवी, तेच आम्ल, तेच आकार बदलणारे खांब. चांदीपुऱ्याच्या खांबांचा आराखडा तर फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी अणूगणिक मांडून ठेवलाय. आपल्या गावाचं नाव पॅरिसच्या आसपासच्या लॅबमध्ये रोज घेतलं जात असेल, गावाला कल्पनाही नसेल!

मग एवढा घाबरट विषाणू मुलांचा जीव घेतो कसा? इथे त्याच्या कुळाची चलाखी आहे. व्हीएसव्ही घरात शिरला, की त्याचं एक प्रथिन पहिलं काम करतं ते म्हणजे पेशीच्या केंद्रकातून बाहेर पडणारे निरोप अडवायचं. निरोप नाहीत तर नवी प्रथिनं नाहीत, इंटरफेरॉनही नाही. सायरनची वायरच कापली म्हणा ना. म्हणजे सगळा खेळ शर्यतीचा. शेजाऱ्यांची दारं आधी लागली तर विषाणू लॉबीत मेला. विषाणू आधी घरात शिरला तर त्या घरातून ओरडही ऐकू येत नाही. मोठ्या माणसांत ही शर्यत बहुतेक वेळा शरीर जिंकतं, लहान मुलांत दर वेळी नाही.

कुणाचा वॉचमन तगडा, कुणाचा लेचापेचा, हे थोडंफार जनुकांवरही असतं. २०१२ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या अभ्यासात हे जनुक काढून टाकलेले उंदीर साध्याशा फ्लूनंही गंभीर आजारी पडले. स्वाइन फ्लूनं हॉस्पिटलात पोचलेल्या माणसांत या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये गंभीर रुग्णांपैकी ६९ टक्क्यांत त्याच प्रकाराच्या दोन्ही प्रती होत्या, सौम्य रुग्णांत २५ टक्क्यांत. नंतरच्या अभ्यासांत मात्र यावर एकमत झालं नाही, तेव्हा लगेच जीन टेस्टची जाहिरात शोधायला जाऊ नका.

शोधायचंच असेल तर पावडरच्या डब्यावर आयएफआयटीएम-३ 'बूस्ट' करण्याचा दावा शोधा. सापडला, तर डबा जागेवर ठेवून द्या. हे प्रथिन खाऊन मिळत नाही, आणि ते सतत चढं ठेवणं शहाणपणाचंही नाही. गर्भाची वार तयार होताना पेशींना एकमेकींत मिसळावंच लागतं आणि तिथे हेच प्रथिन अतिरेकानं आलं तर ती वीणच उसवते, असं २०१९ मध्ये उंदरांवर आणि माणसाच्या पेशींवर दिसलंय. सगळीच दारं कायमची बंद ठेवून घर चालत नाही. झोप मात्र फुकट आहे. २०१५ च्या एका प्रयोगात १६४ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडला, तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. नाइट शिफ्टवाल्यांनो, हे एचआरला फॉरवर्ड करायला माझी हरकत नाही.

चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषधही नाही. त्यामुळे जे काही करायचं ते विषाणू कातडीच्या आत जाण्याआधी. तो आणते ती वाळूमाशी, डासाहूनही बारीक, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून सहज निसटणारी. ती राहते मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात. फार लांब उडत नाही, रात्री चावते. आपल्यापैकी कितीजणांचं मूळ घर अजूनही उमरेड, काटोल, तुमसर, ब्रह्मपुरीकडे आहे! पोळ्याला गाडी काढून गावी जाल, तान्हा पोळ्याला भाचे-पुतणे लाकडी बैल घेऊन नाचतील, तेव्हा जरा गोठ्याशेजारच्या त्या खोलीच्या भिंतींकडे बघा. भेगा लिंपून घ्या, फवारणी झालीय का ते ग्रामपंचायतीत विचारा, पोरांना औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपवा. आणि कुणा लहानग्याला जोराचा ताप येऊन उलट्या, झटके सुरू झाले किंवा ते गुंगीत जाऊ लागलं, तर "सकाळी बघू" म्हणणाऱ्या आजोबांचं त्या एका रात्री ऐकू नका. मेंदूची सूज, झटके, श्वास यांवर हॉस्पिटलात वेळेवर इलाज झाला, तर काही मुलं ती शर्यत अजूनही जिंकतात.

१९६५ मध्ये इथलं रक्त पुण्याला न्यावं लागलं होतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणसं, जनावरं आणि त्यांच्यामधून फिरणारे आजार यांचा एकत्र अभ्यास करण्यासाठी. गोठा, माशी आणि मूल, तिघांचा विचार एकाच छपराखाली. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की नव्या आजारांना गावांची नावं देऊ नका, गावाची बदनामी होते. चांदीपुऱ्याला तो नियम पन्नास वर्षं उशिरा आला. विषाणूंच्या नव्या शास्त्रीय नामावलीतही ते नाव तसंच ठेवलंय, व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा.